बसण्याचे तास आणि कामाचे तास

घरून फ्रीलान्स काम सुरू केलं की पहिल्या महिन्यात बहुतेकांची खरेदी होते. खुर्ची, टेबलावरचा दिवा, नवी डायरी, दोन-तीन अ‍ॅप. खरं तर यातलं काहीही पहिलं करायचं नसतं. आधी दोन आठवडे आपण दिवसभर प्रत्यक्षात काय करतो याची नोंद ठेवायची, आणि त्या काळात काहीही सुधारायचं नाही. सुधारत सुधारत नोंद ठेवली की ती खोटी होते, कारण माणूस कागदावरसुद्धा शहाणा दिसायला बघतो.

कागद आणि पेन पुरतं. चार रकाने आखायचे: कधी सुरू केलं, कधी थांबलं, काय केलं आणि या वेळेचे पैसे मिळणार का. काम बदललं की ओळ बदलायची. रात्री आठवून लिहायचं नाही, कारण आठवणीतला दिवस हमखास भरगच्च असतो. अशा नोंदीतली एखादी सकाळ साधारण अशी दिसते:

९.१० ते ९.३५, ईमेल, नाही.
९.३५ ते १०.०५, मुख्य काम, हो.
१०.०५ ते १०.२०, क्लायंटच्या निरोपाला उत्तर, नाही.
१०.२० ते १०.३०, फोन चाळला, नाही.
१०.३० ते ११.१५, मुख्य काम, हो.
११.१५ ते ११.४०, थकलेल्या इनव्हॉइसची आठवण करणारं पत्र आणि त्यासाठी जुनी फाइल शोधणं, नाही.

अडीच तास बसणं झालं आणि पैशाचं काम झालं सव्वा तास. यात आळस किती? दहा मिनिटं. बाकी सगळं करावंच लागणारं काम आहे, फक्त त्याचे पैसे कुणी देत नाही. दोन आठवड्यांची बेरीज केली की चित्र जवळजवळ असंच निघतं. आठ-नऊ तास बसणाऱ्याच्या हाती चार ते पाच तास लागतात. हा आकडा पाहून स्वतःला दोष देणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी आधी पुढचा हिशेब करून बघावा.

वर्षाचे ३६५ दिवस. शनिवार-रविवारचे १०४ गेले, २६१ राहिले. सणवाराच्या सुट्ट्या १०, स्वतःची रजा १५, आजारपण ६ धरलं तर उरले २३०. दिवसाला आठ तास धरून बसलेला माणूस १,८४० तासांवर आपला दर काढतो. प्रत्यक्षात पैशाचे तास साडेचार, म्हणजे वर्षाला १,०३५. दर पावणेदोन पटीहून थोडा जास्त हवा होता, तो लावलेलाच नाही. मग कमी पडणारे पैसे भरून काढायला रात्री बसायचं, रात्री बसल्यामुळे सकाळ मंद जायची, आणि मंद सकाळीवर उपाय म्हणून उत्पादकतेचे व्हिडिओ बघायचे. घरून काम करणाऱ्यांच्या थकव्याचं मूळ पुष्कळदा शिस्तीत नसतं, दरात असतं. खुर्चीच्या आधी हे तपासायचं ते म्हणूनच. वर कर, विमा, उपकरणांची झीज हे वेगळं मिळवायचं. चालू क्लायंटला दर एकदम वाढवून सांगता येत नसेल तर नव्या कामापासून नवा दर लावायचा आणि जुन्यांना दोन-तीन महिने आधी तारीख कळवायची.

नोंदीतून दुसरी गोष्ट कळते ती अंदाजांची. चार तासांत होईल म्हटलेलं काम सहा तास घेतं, आणि पुढच्या वेळी पुन्हा चारच सांगितले जातात. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या सवयीला ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं नाव दिलं. अंदाज करताना आपण समोरचं काम कसं पार पडेल याची गोष्ट मनात रचतो, आणि त्या गोष्टीत फाइल कधी बिघडत नाही, क्लायंट कधी मत बदलत नाही. उतारा साधा आहे. गोष्ट रचायची नाही, मागच्या तशाच तीन कामांना किती वेळ लागला ते नोंदीत बघायचं आणि तोच आकडा सांगायचा. नोंद नसेल तर सुचलेल्या अंदाजाची दीडपट करावी. दुरुस्तीच्या फेऱ्या मात्र अंदाजात कधीच मिसळायच्या नाहीत. किती फेऱ्या दरात धरल्यात (बहुतेक कामांना दोन पुरतात) आणि तिसरीचे किती पैसे, हे काम सुरू व्हायच्या आधी लेखी असावं.

तिसरी गोष्ट म्हणजे वेळ. ज्या ओळींत मुख्य काम सलग चाळीस मिनिटांहून जास्त चाललं त्यांवर खूण करा. खुणा बहुधा दिवसाच्या एकाच भागात दाटलेल्या दिसतील. कुणाचा तो भाग सकाळी आठ ते अकरा असतो, कुणाचा संध्याकाळी पाचनंतर. पहाटे उठण्याचा सल्ला देणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा आणि आपल्या खुणा बघा. आठवड्याचं सगळ्यात अवघड काम तिथे ठेवायचं. तिथे कॉल ठेवायचा नाही, ईमेल उघडायची नाही, डॉक्टरची वेळही घ्यायची नाही.

आता दिवसाची आखणी. दीड-दीड तासाचे दोन सलग टप्पे आणि तिसरा तासाभराचा, एवढंच अवघड काम दिवसात बसतं. चौथा टप्पा आखून बघायला हरकत नाही, पण त्यात लिहिलेलं दुसऱ्या दिवशी पुसावं लागतं. मधल्या वेळेत निरोप, इनव्हॉइस, फाइलींची आवराआवर, नवं काम शोधणं.

टायमर लावण्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण त्यात लोक अडकतात. २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती ही पद्धत फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन माणसाने १९८० च्या दशकाच्या शेवटी विद्यार्थी असताना बसवली, टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या टायमरवर. म्हणून तिचं नाव पोमोडोरो, इटालियनमध्ये टोमॅटो. टाळलं जाणारं काम सुरू करायला ती उत्तम आहे. नकोसा अहवाल, हिशेब, कंटाळवाणी तपासणी. पण प्रोग्रामिंग, अनुवाद किंवा लांब मजकुराचं संपादन यांत डोकं लागायलाच पंधरा मिनिटं जातात, आणि पंचविसाव्या मिनिटाला घंटा वाजली की लागलेली तंद्री तुटते. अशा कामाला ५० ते ९० मिनिटं द्यावीत आणि टायमर फक्त उठायची आठवण म्हणून ठेवावा. विश्रांतीत फोन हातात घेतला तर ती विश्रांती होत नाही. डोळे, मान आणि लक्ष तिन्ही तिथेच अडकून राहतात. उठा, पाणी प्या, खिडकीबाहेर बघा, कपडे वाळत घाला. घरून काम करण्याचा हा फायदा ऑफिसात मिळत नाही.

टप्पा मध्येच सोडावा लागला तर उठण्यापूर्वी अर्धी ओळ लिहून ठेवा: ‘पुढे काय करायचं होतं’. ‘तक्ता ३ मधली बेरीज जुळत नाही, मूळ फाइल बघणे’ इतकी नेमकी. ‘काम चालू’ असं लिहिलं तर परतल्यावर दहा मिनिटं कुठे होतो ते शोधण्यात जातात.

निरोपांचं काय करायचं? क्लायंटला तत्काळ उत्तराची सवय आपणच लावतो. पहिल्या आठवड्यात रात्री साडेदहाला उत्तर दिलं की तीच आपली कामाची वेळ ठरते. काम सुरू होतानाच्या पहिल्या ईमेलमध्ये एक वाक्य घाला: ‘ईमेल दुपारी १२ आणि संध्याकाळी ५ वाजता पाहिली जाते, तातडीचं असेल तर फोन करावा.’ फोन करायची मुभा दिली की तातडीचं काम फारच कमी निघतं. ईमेल लिहायला क्लायंटला कष्ट नाहीत, फोन लावायला थोडे आहेत, आणि तेवढी चाळण पुरते. रात्री उत्तर सुचलंच तर लिहून ठेवा आणि सकाळची वेळ लावून पाठवा. क्लायंट वेगळ्या टाइमझोनमध्ये असेल तर दोघांच्या जाग्या वेळेतले दोन तास ठरवून घ्या, बाकीचा दिवस आपला.

घरातल्या माणसांशी हेच, फक्त ईमेलविना. ‘मला कामात त्रास देऊ नका’ हे वाक्य कुणालाच पाळता येत नाही, कारण ते कधीपासून कधीपर्यंत हे त्यात नाही. ‘सव्वानऊ ते पावणेअकरा मी घरी नाही असं समजा, पावणेअकराला मी बाहेर येतो’ हे पाळता येतं. आणि मग पावणेअकराला खरोखर बाहेर यायचं. दोन वेळा शब्द मोडला की तिसऱ्या वेळी दार वाजणारच, त्यात त्यांची चूक नाही. वेगळी खोली नसेल तर एकच ठरलेली खूण ठेवा, मोठे हेडफोन कानावर किंवा दिवा लावलेला, आणि ती फक्त अवघड कामाच्या टप्प्यापुरती. दिवसभर हेडफोन घालून बसणाऱ्याची खूण दोन दिवसांत निरर्थक होते. घरात लहान मूल असेल आणि सांभाळायला दुसरं कुणी नसेल, तर त्या वेळेत सलग काम होत नाही, हे दर आणि डेडलाइन ठरवतानाच मान्य करावं.

आता टेबल-खुर्ची. घरच्या साध्या टेबलाची उंची बहुधा ७२ ते ७५ सेंटिमीटर असते. मध्यम किंवा कमी उंचीच्या माणसाला टायपिंगसाठी ती जास्त होते. खुर्चीवर बसून खांदे सैल सोडा, कोपर अंगाशी ठेवून काटकोनात वाकवा. तळहात ज्या उंचीवर येतील तिथे कीबोर्ड हवा. टेबल वर राहत असेल तर खुर्ची उंच करा आणि पाय लोंबकळायला लागले की पायाखाली पाट किंवा घट्ट बांधलेला कागदांचा गठ्ठा ठेवा. बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं जागा राहावी. कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी चालते.

लॅपटॉपमध्ये जन्मजात खोट आहे. पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असल्यामुळे एक बरोबर उंचीवर आला की दुसरा चुकतो. म्हणून लॅपटॉप पुस्तकांच्या गठ्ठ्यावर चढवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली आणायची आणि वेगळा कीबोर्ड-माउस जोडायचा. आमच्या मते घरून काम करणाऱ्याने सगळ्यात आधी विकत घ्यायची वस्तू ही जोडी, खुर्ची नंतर. पडदा हातभर लांब, म्हणजे ५० ते ७० सेंटिमीटर. प्रोग्रेसिव्ह चष्मा (लांबचं आणि जवळचं एकाच भिंगातून दाखवणारा) असेल तर पडदा याहून खाली घ्या, नाहीतर भिंगाच्या खालच्या भागातून वाचण्यासाठी हनुवटी वर जाते आणि मान मागून आखडते. कीबोर्डच्या मागचे ते दोन छोटे पाय दुमडून टाका. ते उघडले की मनगट उलटं वाकतं.

नीट मांडूनही दुखत असेल तर दुखण्याची जागा कारण सांगते. मानेच्या मागे दुखतं तेव्हा पडदा खाली आहे. ज्या हातात माउस त्याच बाजूचा खांदा आणि पाठीचा फरा (खांद्यामागचं चपटं हाड) दुखतो तेव्हा माउस लांब आहे, कीबोर्डवरचे आकड्यांचे रकाने मध्ये आल्यामुळे हात बाहेर जातो. मांडीचा खालचा भाग दाबला जातो तेव्हा खुर्ची उंच आहे. पडद्याकडे सारखं पुढे झुकणं होत असेल तर दोष पाठीचा नसतोच. अक्षरं बारीक आहेत. ती ११० ते १२५ टक्के करा आणि बघा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांना मुंग्या येणं, विशेषतः रात्री, हे मनगटातली नस दाबली जात असल्याचं लक्षण असू शकतं. करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येत असतील तर बहुधा कोपर टेबलाच्या कडेवर टेकलेलं असतं. आठवडाभरात उतरलं नाही तर डॉक्टरकडे जायचं. पट्टा आणून बांधून बसायचं नाही.

डोळ्यांसाठी दर वीस मिनिटांनी वीस सेकंद सहा मीटर लांबचं बघा असा नियम सांगतात. तो चांगला आहे, कारण एवढ्या अंतरावर डोळ्यातला जवळचं बघायला आकसणारा स्नायू सैल पडतो. पण जळजळीचं मोठं कारण निराळं आहे. पडद्याकडे बघताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात. त्यात पंखा किंवा एसीचा झोत थेट चेहऱ्यावर असेल तर संपलंच. झोत वळवा. खिडकी पडद्याच्या मागे किंवा आपल्या पाठीमागे नको, बाजूला हवी.

दुपारची झापड जेवणावर ढकलली जाते, पण बंद खोलीचाही हात असतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो. दारं-खिडक्या लावलेल्या लहान खोलीत एकटा माणूस काही तासांत तो १,००० च्या वर नेतो. दर विश्रांतीला खिडकी पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडा. उजेडाचंही तेच. घरात टेबलावर ३०० ते ५०० लक्स उजेड असला तर वाचायला पुरतो. बाहेर ढगाळ दिवशीही त्याच्या कित्येक पट असतो, आणि शरीराचं घड्याळ त्यावर लागतं. सकाळी काम सुरू करण्यापूर्वी वीस मिनिटं चालून या. ऑफिसला जाण्याचा प्रवास कटकटीचा असतो, पण तो अंगाला चालणं आणि डोळ्यांना उजेड फुकट देत होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. सकाळी वीस आणि संध्याकाळी वीस मिनिटं झपझप चालणं पाच दिवस झालं तर २०० होतात. चहा-कॉफी दुपारी दोननंतर बंद. निम्मं कॅफीन शरीराबाहेर जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या कपातलं निम्मं रात्री अकरालाही अंगात असतं.

थांबणं हे सुरू करण्यापेक्षा अवघड जातं. ऑफिसात दिवे मालवणारा कुणीतरी असतो. घरी शेवटची पंधरा मिनिटं राखून ठेवावी लागतात. त्यांत बॅकअप, दिवसाची नोंद पुरी करणं, आणि उद्याची पहिली ओळ कागदावर. मग पडद्यावरच्या सगळ्या खिडक्या बंद, लॅपटॉप बंद, झाकण लावून नजरेआड. जेवणाच्याच टेबलावर काम होत असेल तर हे आणखी महत्त्वाचं. कीबोर्ड, वही, चार्जर एका डब्यात घालून डबा कपाटात ठेवायचा. तासांची वरची मर्यादाही आधीच लिहून ठेवा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासात आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त दिसला. फ्रीलान्सरचे ५५ तास कुणी मोजत नाही, म्हणून ते सहज होतात.

एकटेपणाचं लवकर कळत नाही. दोन दिवस कुणाशी समोरासमोर बोलणं झालेलं नाही हे बुधवारी संध्याकाळी लक्षात येतं. त्याच धंद्यातल्या एका माणसाशी आठवड्याला अर्ध्या तासाचा ठरलेला फोन ठेवा, वार आणि वेळ पक्की. ‘कधीतरी बोलू’ असं ठरलं तर व्यस्त आठवड्यात पहिला बळी त्या फोनचा जातो. दरांची खरी माहितीही तिथूनच मिळते. आणि नवं काम शोधण्याचा आठवड्यातला तास काम भरपूर असतानाही सोडू नका. हातातलं संपल्यावर शोधायला निघालेला माणूस मिळेल त्या दराला हो म्हणतो.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पुन्हा एकदा दोन आठवड्यांची नोंद करा. बसण्याचे तास वाढलेत आणि पैशाचे कमी झालेत असं दिसलं, त्यात कामाचा वीट आला असेल आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटत असेल, तर ते गंभीरपणे घ्यायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची तीन अंगं दिली आहेत: थकवा, कामापासून मन तुटणं आणि परिणामकारकता घटणं. तिथे त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित अवस्था म्हटलं आहे, म्हणून औषधाआधी कामाचा बोजा बदलायला हवा. बोजा कमी करूनही झोप आणि मन ताळ्यावर येत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

अधूनमधून येणारा वाईट दिवस वेगळा. त्या दिवशी आखणी फाडून टाका आणि तीनच गोष्टी करा: आज ज्याची डेडलाइन आहे त्या क्लायंटशी बोलणं, पंचवीस मिनिटांचा एक तुकडा, आणि बाहेर चालणं. डेडलाइन हुकणार हे दिसत असेल तर त्याच सकाळी कळवायचं, डेडलाइनच्या संध्याकाळी नाही. माफीचे परिच्छेद नकोत, तब्येतीचा वृत्तांतही नको. एवढं पुरतं: ‘गुरुवारी द्यायचं काम सोमवारी सकाळी ११ पर्यंत पाठवते. पहिले दोन भाग तयार आहेत, ते गुरुवारीच मिळतील. यामुळे पुढे काही अडत असेल तर आजच सांगा.’